दीड पानांचं त्रावणकोर

भूगोलाचं पुस्तक मिटायचं, पण बोट आतच ठेवायचं, आणि वर्गाकडे बघून विचारायचं, "हे सगळं खरं. पण तिथली माणसं सकाळी उठून काय खातात?"

बाईंची ही सवय होती. मग धडा पंजाबचा असो, ओरिसाचा असो की आसामचा. मुली पिकं सांगत, नद्या सांगत, प्रेक्षणीय स्थळं तर एका दमात म्हणून दाखवत. बाई शेवटपर्यंत ऐकून घेत, मान हलवत आणि मग हा प्रश्न टाकत. थोड्या वेळानं बाई आपणच म्हणत, "मलाही ठाऊक नाही. विचारू या कुणाला तरी."

सगळं ठाऊक असलेले शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. मी तर पुष्कळांबरोबर नोकरी केली. खडू हातात धरून, चाळीस मुलींसमोर, मला ठाऊक नाही असं सरळ सांगणारं माणूस मात्र मला हे एकच भेटलं.

मी कल्याणला त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागलो तेव्हा मला मिशीसुद्धा धड आलेली नव्हती. कोकणातल्या एका खेड्यातून आलेलो, पारनाक्याजवळ तिघांत मिळून एक खोली घेतलेली. शाळेत सगळ्या बायकाच. पुरुष म्हणजे मुख्याध्यापक, शिपाई आणि मी. मला कुणी फारसं विचारत नसे. बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला गाठलं आणि मांजरपाटाचा एक मोठा तुकडा पुढे केला. शाळेतला नकाशा इंग्रजांच्या वेळचा होता, त्यात संस्थानं पिवळी आणि बाकीचा मुलूख तांबडा. त्यांना नवा हवा होता. मी खळ लावून कापड ताणलं, पंधरा दिवस खपून भारत काढला आणि सुटलो असं समजलो. पण ते दिवस असे होते की राज्यांच्या सीमा एका जागी राहत नव्हत्या. दर थोड्या महिन्यांनी बाई वर्तमानपत्र घेऊन येत आणि शांतपणे म्हणत, "मास्तर, आंध्र वेगळं झालं. रेघ हलवावी लागेल." मी ब्रश धुऊन परत बसायचो.

बाई तेव्हा पन्नाशीला आलेल्या असतील. उंच, हडकुळ्या, फिक्या रंगाचं नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर आणि पायांत पुरुषी वाटाव्यात अशा जाड वहाणा. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. सासरे समंजस होते, त्यांनी सुनेला पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. ते गेल्यावर बाई दिरांच्या बिऱ्हाडात राहत. हे सारं मला दुसऱ्यांकडून कळलं. त्या स्वतःबद्दल बोलत नसत. एकदा एका मुलीनं भर वर्गात विचारलं होतं, की बाई, तुम्ही काश्मीरला गेला आहात का? बाई म्हणाल्या, नाही. मुलीनं एकेक राज्य घेतलं. बाई प्रत्येकाला नाही म्हणत गेल्या. एका अंगाला नाशिक आणि दुसऱ्या अंगाला माहेरची वाई, त्यापलीकडे त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. मुली हसल्या, आणि बाईही त्यांच्याबरोबर हसल्या.

माझ्या तिसऱ्या वर्षी सहावीला त्रावणकोर-कोचीनचा धडा होता. नाव ऐकूनच वर्गात खसखस पिकली. पुस्तकात त्याला दीड पान दिलेलं: नारळ, मिरी, रबर, चहा, खाजणातली होड्यांची वाहतूक, जंगलातले हत्ती आणि दक्षिण टोकाला कन्याकुमारी. बाईंनी पुस्तक मिटून आपला प्रश्न विचारला. या वेळी एका मुलीनं सांगितलं, की रेल्वेच्या इस्पितळात एक काळी सिस्टर आहे, ती तिकडचीच आहे.

बाई म्हणाल्या, काळी हा तिचा पत्ता झाला का? नाव विचारून ये. दुसऱ्या दिवशी नाव आलं. अन्नम्मा.

रविवारी बाई मला घेऊन रेल्वेच्या चाळीत गेल्या. मला नेण्याचं कारण माझं मॅट्रिकचं इंग्रजी. अन्नम्मा तिशीची, बुटकी, गोल चेहऱ्याची. दारात अनोळखी माणसं बघून तिला वाटलं, वर्गणी मागायला आले. तिनं आधीच सांगून टाकलं, की पगार व्हायचा आहे. बाईंनी मला बोलूच दिलं नाही. आपल्या हिंदीत त्यांनी विचारलं, "आपके तरफ सुबह को क्या खाते?"

अन्नम्मा दारातून बाजूला झाली. मग खुर्च्या पुढे ओढल्या. ती म्हणाली, चार वर्षं मी इथं आहे. लोकांनी मला जात विचारली, लग्न का नाही केलं ते विचारलं, कुठलं मांस खाते ते विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं. आणि मग तिनं हातांनी दाखवून दाखवून सांगितलं. तांदळाचं पीठ ओलसर करायचं. बांबूच्या नळीत एक थर पिठाचा, एक खोबऱ्याचा, असे थर भरायचे. नळी उकळत्या पाण्याच्या भांड्याच्या तोंडावर उभी करायची. वाफ खालून वर जाते. मग काठीनं ढकलून बाहेर काढायचं आणि केळ्याबरोबर खायचं. त्याला पुट्टु म्हणतात. सांगता सांगता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, इथं तशी नळी मिळत नाही.

परत येताना बाई सरळ बुरूडआळीत शिरल्या.

बुरूडानं आयुष्यात सुपं, टोपल्या, करंड्या केलेल्या. या बाईंना एक वीतभर रुंद आणि हातभर लांब नळी कशाला हवी, हे त्याला कळेना. बाईंनी त्याला सगळी कृती सांगितली. त्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, वाफ वर जायला पेराला भोकं नकोत का? हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यानं भोकं पाडून दिली. वर म्हणाला, वीतभर रुंद नळी म्हणजे घागर होईल, मनगटाएवढी करतो. तीच बरोबर निघाली.

पुढच्या शनिवारी शाळेच्या पाण्याच्या खोलीत स्टो पेटला. बाई शिकवायला जितक्या हुशार, तितक्याच त्या दिवशी पीठ भिजवायला घाईच्या. पाणी जास्त पडलं. नळी उभी राहिली, वाफ आली, मुलींनी खिडक्या भरल्या. मग मी फूटपट्टीनं ढकलायला लागलो तर आतून काही हलेना. शिपायानं नळी धरली, मी दोन्ही हातांनी रेटलं, तेव्हा एक गुळगुळीत पांढरं मुसळ निघून थेट बादलीत पडलं. मुली इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गाचा तास मोडला. बाईंनी ते मुसळ सुरीनं कापलं आणि प्रत्येकीला चकती दिली. चव खळीची होती. मुलींनी खाल्लं. बाई म्हणाल्या, "हे त्रावणकोरचं समजू नका. हे माझं आहे."

ही हकिकत अन्नम्माच्या कानावर गेली. तिच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती आपणच शाळेत आली, दोन तासांत सगळ्या वर्गाला पुट्टु करून घातला आणि मग खुर्चीवर बसून मुलींच्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागली. मुली हत्तींबद्दल विचारत होत्या. तिनं हत्ती लांबूनच पाहिलेला. ती सांगत होती ते घराच्या मागच्या पाण्याचं, त्यात भिजत घातलेल्या नारळाच्या सोडणांचं म्हणजे वरच्या सालींचं, शाळेला होडीनं जाण्याचं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हिरानं हात वर केला.

हिरा खाडीपलीकडच्या गावातली, आगऱ्याची पोर. बापाची रेतीची होडी होती; त्याच होडीतून ती रोज अलीकडे यायची. वर्गात तोंड उघडत नसे, कारण उघडलं की बाकीच्या हसत. त्या दिवशी तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "सुकती लागली का तुमची होरी चिखलान रुतं का?"

मुली हसल्याच. बाईंनी कुणाला दटावलं नाही. त्या हिराला म्हणाल्या, सुकती म्हणजे काय, ते मला नीट माहीत नाही. फळ्यावर काढून सांगशील का? हिरा आली. मग तिनं काठ काढला, भरतीची रेघ काढली, ओहोटीची काढली, चिखल कुठे उघडा पडतो ते काढलं आणि होडी अडकली तर बांबू कुठे रोवायचा ते दाखवलं. मी अन्नम्माला हिंदीत सांगत होतो, पण माझं पुरं व्हायच्या आतच ती उठून फळ्याशी गेली. तिनं हिराच्या हातातला खडू घेऊन बांबू थोडा अलीकडे काढला. हिरानं मान हलवली आणि परत पलीकडे नेला. दोघी बराच वेळ फळ्याकडे तोंड करून होत्या. एक मल्याळी, एक आगरी. मध्ये दुभाषा म्हणून मी उभा, आणि माझी कुणालाच गरज नव्हती.

त्यातूनच खाडीवर जायचं ठरलं. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी बंदरावर आम्ही सगळे जमलो. हिराच्या बापानं होडी धुऊन पुसून ठेवली होती. दहा दहा मुलींना बसवून तो एकेक फेरी मारत होता. तिसऱ्या फेरीला अन्नम्मा बसली. मध्यावर गेल्यावर तिनं त्याच्याकडे बांबू मागितला. तो आधी देईना. मग दिला. तिनं साडीचा पदर खोचला, चपला काढल्या, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, बांबू तळाला टेकवला आणि खांद्यानं रेटत होडीच्याच काठाकाठानं मागपर्यंत चालत गेली. परत पुढे आली, परत रेटलं. होडी सरळ निघाली. काठावर उभ्या असलेल्या आम्हाला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती मोठ्यानं काहीतरी गात होती. होडी लागल्यावर हिराचा बाप बाईंना म्हणाला, "बाई, ही आमचेतलीच हाय."

मुलींनी घरी जाऊन हे सगळं सांगितलं, आणि चार दिवसांत बाईंना शाळासमितीपुढे बोलावणं आलं. तक्रार समितीतल्याच एका वकिलांची होती. त्यांची मुलगी त्याच वर्गात होती. मुलींना पाण्यात नेलं, मासे खाणाऱ्या ख्रिस्ती नर्सच्या हातचं शाळेत खाऊ घातलं, अभ्यासक्रम मागे पडला. साक्षीदार म्हणून मलाही बसवलं होतं. नोकरीला दोनच वर्षं झालेली, अजून कायम झालेलो नव्हतो, आणि बाईंची तर एवढी एक नोकरीच होती. दिरांच्या घरात त्यांचा मान तिच्यावर उभा होता.

वकीलसाहेब तसे सभ्य. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, की तिथं नारळ होतो, एवढं मुलींना कळलं तर पुरत नाही का?

बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुरतं. परीक्षेत तेवढंच विचारतात. वीस वर्षांच्या वर झाली, मी हा देश तेवढाच शिकवते आहे. एवढ्या वर्षांत त्यातल्या एकाही परक्या मुलखाच्या माणसाशी मी बोलले नव्हते. आता एकीशी बोलले. तुम्ही नको म्हणाल तर बोलणार नाही. पण ती दारात आली तर मुलींना काय सांगायचं, ते मला लिहून द्या."

ते कुणी लिहून दिलं नाही. पण यापुढे वर्ग शाळेबाहेर न्यायचा नाही, बाहेरचं माणूस वर्गात आणायचं नाही आणि शाळेत काही शिजवायचं नाही, असा कागद तयार झाला. बाईंनी सही केली. आम्ही दोघं बाहेर पडलो. मला वाटलं, आता यांचं मन मोडलं. काळ्या तलावापाशी आलो तेव्हा बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, पत्रांबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलं."

अन्नम्मा लहानपणी ज्या शाळेत गेली, ती आलेप्पीजवळच्या एका खेड्यातली शाळा अजून होती. तिथल्या मुलांना आमच्या सहावीनं पत्रं लिहायची ठरलं. भाषा कुठली? आमच्या मुलींना इंग्रजी नव्हतं, त्यांना मराठी नव्हतं. दोन्हीकडे नुकतंच हिंदी सुरू झालेलं. तेव्हा दोघांनाही न येणाऱ्या भाषेत लिहायचं, म्हणजे कुणी कुणाला हसायला नको, असं बाई म्हणाल्या. मुलींनी लिहिलं. मी प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात एक चित्र काढून दिलं. जाड पाकीट दिवाळीच्या सुमारास रवाना झालं.

महिना गेला, दोन गेले. मुली रोज विचारत. मग विचारेनाशा झाल्या. मीसुद्धा मनातून सोडून दिलं होतं. बाई मात्र रोज मधल्या सुट्टीत पोस्टमनची वाट बघत फाटकापाशी उभ्या राहत. मुख्याध्यापक खिडकीतून बघत आणि परत कामाला लागत.

फेब्रुवारीच्या शेवटी गठ्ठा आला. सुतळीच्या जागी काथ्यानं बांधलेला. आत चाळीसेक पत्रं, एक मोरपीस आणि मिरीची पुडी. अक्षरं देवनागरी, पण इतकी गोल की रेघेला जिलब्या टांगल्यासारखी. उशीर का झाला तेही लिहिलं होतं: आमची पत्रं त्यांनी आधी गावात सगळ्यांना वाचून दाखवली होती. आणि प्रश्न तर विचारूच नका. तुमच्या गावातून हिमालय दिसतो का? तुमच्याकडे आगगाडी घराजवळून जाते तर झोप कशी लागते? हिराला पत्र लिहिणाऱ्या मुलानं विचारलं होतं, "आपके गाँव में देखने योग्य क्या है?"

हा शेवटचा प्रश्न बाईंनी फळ्यावर लिहिला. सगळ्या मुली म्हणाल्या, काही नाही. कल्याणला काय आहे? जंक्शन आहे. बाईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, आठवडाभर नीट बघा आणि मग काही नाही असं लिहा. मुली घरोघर विचारत सुटल्या. कुणी तलावाच्या पायऱ्या मोजल्या, कुणी दुर्गाडीवर आजोबांना घेऊन गेली, कुणी भट्टीवर जाऊन चुरमुरे कसे फुटतात ते बघून आली. हिरानं आपल्या आजाला विचारून चंद्राच्या कलेवरून भरतीची वेळ कशी काढायची ते चार पानं लिहिलं. तिचं हिंदी सगळ्यांत वाईट होतं आणि तिलाच सगळ्यांत लांब उत्तर आलं.

एका संध्याकाळी मी बाईंकडे नकाशाचे रंग ठरवायला गेलो होतो. दारात वकीलसाहेब उभे. हातात मुलीचं पत्र. मला वाटलं, संपलं आता. ते आत येऊन बसले आणि म्हणाले, मुलीच्या पत्रातलं व्याकरण मी सुधारलं आहे, चालेल ना? बाई म्हणाल्या, चालेल. वकीलसाहेब घुटमळले. मग म्हणाले, तिकडे म्हणे काही लोकांत मालमत्ता आईकडून मुलीकडे जाते. हे कितपत खरं आहे?

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "विचारू या."

तिथल्या हेडमास्तरांनी त्या एका प्रश्नाला इंग्रजीत चार पानं उत्तर दिलं. काही घराण्यांत तशी चाल होती, आता कायद्यानं बदलते आहे, वगैरे. वकीलसाहेबांनी ते पत्र कोर्टात सगळ्यांना दाखवलं म्हणतात. त्याआधी बाईंनी मला ते मराठीत सांगायला लावलं आणि एक दिवस आपल्याकडे ठेवून घेतलं. सासऱ्यांच्या घरात त्यांच्या नावावर काही नव्हतं, हे मला माहीत होतं.

समितीचा तो कागद कुणी रद्द केला नाही. कुणी काढूनही बघितला नाही. अन्नम्मा पुढच्या महिन्यात समोरच्या फाटकातून शाळेत आली आणि फाटक वकीलसाहेबांच्या मुलीनंच उघडलं.

पुढच्या वर्षी त्या मुली सातवीत गेल्या. फायनल जवळ आली तसं हिरानं सांगितलं, की आता शाळा बंद. बाई आणि अन्नम्मा खाडी ओलांडून तिच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो. तिच्या बापाला शिक्षणाचं वावडं नव्हतं. अडचण साधी होती. हायस्कूल संध्याकाळी सुटणार, त्या वेळी त्याची होडी रेतीवर असणार. पोरीला अलीकडे-पलीकडे आणायचं कुणी? अन्नम्मा म्हणाली, ती स्वतः येईल. तो म्हणाला, आमच्यात पोरी एकट्या होडी नेत नाहीत. त्यावर अन्नम्मानं फक्त एवढंच सांगितलं, "मैं दस साल की थी, अकेली जाती थी." दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं. पण हिला त्यानं बांबू हातात घेतलेली पाहिली होती. तो म्हणाला, "एक वरीस बगू."

एका वर्षाची चार वर्षं झाली. पुढे हिरा ठाण्याला नर्सिंग शिकली. पण बंदरावरच्या लोकांना आठवत असेल ती वेगळी: दप्तर गळ्यात अडकवून, परकर खोचून, लहानशी होडी एकटीनं लावणारी.

त्या फायनलनंतरच्या मे महिन्यात अन्नम्मा महिनाभर रजेवर गावी निघाली. तिनं बाईंना बरोबर चला म्हटलं. त्रावणकोर-कोचीनचं तोवर केरळ झालेलं, मी रेघ हलवलेली. बाईंचे दीर म्हणाले, विधवा बाईनं परक्या धर्माच्या घरी महिना काढायचा म्हणजे काय? लोकांना काय सांगू? तिसऱ्या दिवशी बाईंनी शाळेत मला विचारलं, "मास्तर, मी गेले तर चालेल ना?"

मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. मी म्हटलं, नकाशा माझा आहे. बरोबर काढलाय की नाही, ते कुणीतरी बघून यायला हवं.

त्या मद्रास मेलनं गेल्या. बरोबर एक ट्रंक, आपला वेगळा स्टो, आपली वेगळी भांडी आणि महिनाभराचे पोहे-पीठ.

जूनमध्ये परत आल्या, त्या उन्हानं काळवंडून. गावाला प्रवासाचं वर्णन ऐकायचं होतं. मुख्याध्यापकांनी व्याख्यान ठेवायचं म्हटलं. बाई टाळत राहिल्या. मला त्यांनी मधल्या सुट्टीत थोडं थोडं करून सांगितलं. स्टो चौथ्या दिवशी बांधून ठेवला, कारण अन्नम्माची आई रोज त्यांच्यासाठी वेगळी चूल सारवून घ्यायची आणि त्यांना ते बघवेना. कन्याकुमारी राहिली. हत्ती राहिले. "प्रेक्षणीय स्थळं राहिलीच हो मास्तर," त्या म्हणाल्या, "वेळच झाला नाही."

मग एकदा त्यांनी त्या शाळेचं सांगितलं. तिकडच्या शाळा आपल्याआधी उघडतात. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी त्यांना वर्गावर नेलं. मुलं उभी राहिली. काहीजणांनी हिंदीत प्रश्न विचारले, बाईंनी हिंदीत उत्तरं दिली. मग एक मुलगी म्हणाली, तुम्ही तुमच्या भाषेत बोला. आम्हाला नुसती ऐकायची आहे.

बाईंची इतकी वर्षं वर्गात बोलण्यात गेली, आणि तिथं मराठीतलं एक वाक्य आठवेना. शेवटी त्यांनी जी गोष्ट रोज न चुकता म्हटली होती ती म्हणायला सुरुवात केली. आपल्या त्या वर्गाची हजेरी. अनुसूया, इंदुमती, कमल, कुसुम. त्या तोंडपाठ म्हणत गेल्या. चौथ्या नावाला मागून एक मुलगा उठला आणि त्यानं हात वर केला. कुसुमची पत्रं त्याला येत. मग आधीच्या तीन नावांची मुलं उठली, पुढच्या नावाला एक मुलगी उठली. नाव घेतलं की ज्याला त्या नावाची पत्रं येत तो उभा राहायचा. हिराच्या नावाला दोघं उठले.

"सगळा पट भरला," बाई म्हणाल्या. "एकही गैरहजर नव्हती." आणि पदरानं तोंड पुसून तासाला गेल्या.

त्यानंतर त्या तीनच वर्षं नोकरीत होत्या. दर मे महिन्यात कुठेतरी जात. आधी वर्षभर कल्याणातच त्या मुलखाचं माणूस शोधायचं, त्याच्याशी ओळख करायची, त्यांच्या घरी पत्र टाकायचं, मग निघायचं. एका वर्षी लोकोशेडमधल्या फिटरच्या बायकोबरोबर ओरिसाला गेल्या. एका वर्षी निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका शिक्षिकेच्या भावाकडे राजस्थानात. दिरांनी विचारायचं सोडून दिलं. शेवटी शेवटी तर दीरच ट्रंक उचलून टांग्यात ठेवत.

निवृत्त झाल्या त्या वर्षी त्या वाईला भावाकडे राहायला जाणार हे ठरलेलं होतं. पण त्याआधी एकदा कलकत्त्याकडे जाऊन येते म्हणाल्या. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. पुढे पत्रं पुष्कळ झाली, भेट मात्र झाली नाही. काही वर्षांनी त्या वाईलाच वारल्या. मला बाई आठवतात त्या स्टेशनवरच्या त्या सकाळच्या. ट्रंक बाकाखाली सरकवली, खिडकीपाशी बसल्या. समोरच्या बाकावर डोक्यावर जाड पदर घेतलेली, मांडीवर मूल असलेली एक बाई होती. कुठल्या मुलखातली, ते मला ओळखता आलं नाही. गाडीनं शिटी दिली. मी हात वर केला. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या पुढे वाकून त्या बाईला काहीतरी विचारत होत्या, तिनं आधी लाजून मान खाली घातली आणि मग सांगायला लागली. गाडी हलली तरी दोघी बोलतच होत्या, आणि मूल एकदा हिच्या, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होतं.